मजुरांच्या कैवारी फ्रान्सिस पर्किन्स

या वार्षिकाच्या मराठी विभागांत दर वर्षीं एका थोर व्यक्तीचें चरित्र देण्याचा प्रघात आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल, डॉ. लिव्हिंग्स्टन, पंडिता रमाबाई यांचीं चरित्रें विद्यार्थ्यांनीं वाचलीं आहेत व त्यांवर निबंधही लिहिले आहेत. यंदा आम्ही ज्या बाईंची ओळख करून देणार आहों, त्यांचें नांव अमेरिकेंत सर्वांस ठाऊक असलें तरी आमच्या इकडे तें फारसें कोणाच्या कानावर गेलेलें नाहीं. त्यांनीं रणांगणावर जखमी शिपायांची शुश्रूषा केली नाहीं, कीं अज्ञात खंडांत प्रवास केला नाहीं. त्यांनीं कारखान्यांचे जिने मोजले, दारें कोणत्या बाजूस उघडतात तें पाहिलें, आणि जें पाहिलें तें कायदे करणाऱ्या लोकांच्या गळीं उतरविलें.

हें चरित्र निवडण्यास एक खाजगी कारणही घडलें, तें प्रथमच सांगून टाकतों. कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही दुसऱ्या एका गांवीं शिक्षक असतांना स्नेहसंमेलनाच्या रात्रीं सभागृहाच्या बाजूचीं दोन दारें आम्हीं स्वतः बाहेरून कडी घालून बंद केलीं. हेतु इतकाच कीं मुलांनीं मध्येंच पळून जाऊं नये व बाहेरच्या पोरांनीं आंत शिरूं नये. आंत चारशेंच्या वर माणसें होतीं, रंगमंचावर कापडी पडदे होते आणि पडद्यांच्या अगदीं जवळ दिवे होते. कांहीं झालें नाहीं. कार्यक्रम उत्तम पार पडला व बंदोबस्ताबद्दल आम्हांस शाबासकीही मिळाली. पुढें पर्किन्सबाईंची हकीकत वाचण्यांत आली, तेव्हां ती कडी आठवली, आणि त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं.

फ्रान्सिस पर्किन्स यांचा जन्म ता. १० एप्रिल १८८० रोजीं बोस्टन शहरीं झाला. मूळचें नांव फॅनी. फ्रान्सिस हें नांव त्यांनीं मोठेपणीं आपण होऊन घेतलें. बालपण वुस्टर या गांवीं गेलें. वडिलांचें कागद, शाई वगैरे लेखनसाहित्याचें दुकान होतें. घर खाऊनपिऊन सुखी, धर्मशील आणि जुन्या वळणाचें. वडिलांनीं मुलीस लहान वयांतच ग्रीक भाषा शिकविली. त्या काळच्या मानानें ही गोष्ट लहान नव्हे. पण दारिद्र्य हें आळसाचें व दारूचें फळ होय, अशी त्या घरांत समजूत होती, आणि मुलीनेंही ती निमूटपणें खरी मानली होती.

कॉलेजच्या शिक्षणासाठीं ती माउंट होलिओक या स्त्रियांच्या कॉलेजांत दाखल झाली. मेरी लायन या बाईंनीं १८३७ सालीं स्थापिलेल्या या संस्थेचा आमच्या प्रांताशीं दूरचा संबंध आहे. एकोणिसाव्या शतकांत येथें शिकलेल्या कित्येक बाया मिशनरी होऊन निरनिराळ्या देशांत गेल्या, व त्यांपैकीं कांहीं महाराष्ट्रांतही आल्या. फ्रान्सिसनें पदार्थविज्ञान हा मुख्य विषय घेतला. परंतु तिच्या मनास खरा धक्का दिला तो अमेरिकेच्या आर्थिक इतिहासाच्या वर्गानें. या वर्गाच्या अध्यापिका मुलींस नुसतीं पुस्तकें वाचावयास न लावतां आसपासच्या गिरण्यांत व कारखान्यांत पाठवीत, आणि तेथें काय पाहिलें तें लिहून आणावयास सांगत. यंत्रांत एकदां मजुराचा हात सांपडला कीं त्याची मजुरी त्याच दिवशीं बंद होते, आणि दारूच्या थेंबास न शिवणारें कुटुंबही उपाशी मरूं लागतें, हें फ्रान्सिसला दिसलें. घरून आणलेली समजूत त्यापुढें टिकली नाहीं. आम्हां शिक्षकांस या अध्यापिकेचा हेवा वाटतो. आमच्या हातून वर्षानुवर्षें नुसते धडेच शिकवून होतात.

१९०२ सालीं पदवी घेतल्यावर तिनें कांहीं वर्षें शिक्षिकेचें काम केलें. त्यांपैकीं शिकागोजवळच्या एका मुलींच्या शाळेंत असतांना सुटीच्या दिवसांत ती हल हाऊस या जेन ॲडम्सबाईंनीं चालविलेल्या सेवागृहांत जाऊं लागली. गोरगरिबांची मजुरी बुडविणाऱ्या मालकांकडे जाऊन ती वसूल करून आणणें, हें तेथील तिच्या कामांपैकीं एक काम होतें. १९०७ मध्यें फिलाडेल्फिया शहरीं तिला दुसरें काम मिळालें. परदेशांतून व दक्षिणेकडून नोकरीच्या आशेनें येणाऱ्या गोऱ्या व निग्रो मुलींस फसवून कुमार्गास लावणाऱ्या खोट्या नोकरी-कचेऱ्या तेथें होत्या. त्यांचा तपास करावयाचा. हें काम धोक्याचें होतें. एका रात्रीं दोन गुंड पाठीस लागले, तेव्हां तिनें एकाएकीं मागें वळून हातांतली छत्री त्यांच्यावर रोखली व मोठ्यानें हांक मारली, गुंड पळाले. तेथून ती न्यूयॉर्कला गेली व १९१० सालीं कोलंबिया विद्यापीठाची एम्. ए. पदवी तिनें मिळविली. येथून पुढें त्यांस पर्किन्सबाई म्हणणेंच योग्य.

त्याच वर्षीं त्या न्यूयॉर्कच्या कन्झ्यूमर्स लीग या संस्थेच्या चिटणीस झाल्या. बाजारांतून माल घेणाऱ्या लोकांनीं तो माल कोणत्या स्थितींत तयार होतो याचीही चौकशी करावी, असें या संस्थेचें मत होतें. फ्लॉरेन्स केली नांवाच्या तेजस्वी बाई या चळवळीच्या पुढारी होत्या. त्यांचें व्याख्यान पर्किन्सबाईंनीं कॉलेजांत असतांनाच ऐकलें होतें. तळघरांतील पाव भाजण्याच्या भट्ट्या, बायकांच्या कामाचे तास, कारखान्यांतील आगीची भीति, हे विषय त्यांच्याकडे आले. १९१० च्या नोव्हेंबरांत शेजारच्या न्यूअर्क शहरीं एका कारखान्यास आग लागून पंचवीसएक बायका व मुली दगावल्या होत्या. लोकांनीं हळहळ केली आणि चार महिन्यांत सर्व विसरून गेले.

ता. २५ मार्च १९११, शनिवार. पर्किन्सबाई वॉशिंग्टन चौकाच्या उत्तर बाजूस एका परिचित बाईंच्या घरीं चहास गेल्या होत्या. पांच वाजावयाच्या सुमारास आगीच्या बंबांचा आवाज व लोकांचा कोलाहल ऐकूं आला. सर्व मंडळी उठलीं व चौक ओलांडून धांवत गेलीं.

चौकाच्या पलीकडे दहा मजल्यांची ॲश बिल्डिंग होती. तिच्या वरच्या तीन मजल्यांवर ट्रँगल कंपनीचा बायकांचे झंपर शिवण्याचा कारखाना होता. सुमारें ५०० माणसें तेथें काम करीत. त्यांत बहुतेक मुली. कांहीं यहुदी, कांहीं इटालियन, नुकत्याच आपला देश सोडून आलेल्या. चौदा वर्षांच्या मुलीही त्यांत होत्या. शनिवार म्हणजे पगाराचा दिवस. काम सुटावयास अवघीं कांहीं मिनिटें उरलीं होतीं. इतक्यांत आठव्या मजल्यावर कापड बेतण्याच्या मेजाखालीं चिंध्यांचा सांठा होता त्यास ठिणगी लागली. कोणी विडीचें थोटूक किंवा काडी टाकली असावी असा तर्क आहे. वर दोरीवर कागदी नमुने टांगलेले, खालीं तलम सुती कापडाच्या चिंध्या. आग पसरावयास वेळ लागला नाहीं. भिंतीवरची पाण्याची नळी ओढली तर तींतून पाणी येईना.

आठव्या मजल्यावरून दहाव्या मजल्यावर टेलिफोन गेला. तेथें मालक होते. ते व तेथील बहुतेक माणसें गच्चीवर चढून वांचलीं. शेजारच्या इमारतींत विद्यापीठाचा कायद्याचा वर्ग चालला होता. त्यांतील विद्यार्थ्यांनीं शिड्या लावून कितीतरी लोकांस आपल्या गच्चीवर ओढून घेतलें. नवव्या मजल्यास मात्र कोणीच कळविलें नाहीं. तेथील मुलींस आगीची वार्ता आगीनेंच दिली. त्या मजल्यावरून खालीं जाण्यास दोन जिने होते. एका जिन्यांत ज्वाळा भरल्या. दुसऱ्या जिन्याकडे मुली धांवल्या, तर त्याच्या दारास कुलूप होतें. संध्याकाळीं घरीं जातांना सर्व मुलींनीं एकाच दारानें बाहेर पडावें, म्हणजे त्यांच्या पिशव्या तपासतां येतील व कोणी कापडाचा तुकडा चोरून नेणार नाहीं, यासाठीं हें कुलूप. मागच्या बाजूस एक लोखंडी जिना होता; तो माणसांच्या भारानें वांकून कोसळला. लिफ्ट चालविणाऱ्या दोघां माणसांनीं जिवाची पर्वा न करितां पुनः पुनः वर जाऊन मुलींस खालीं आणलें. अखेर लिफ्ट चालेनात, तेव्हां कित्येकींनीं त्या पोकळींत उड्या टाकल्या. बंबवाले आले. त्यांची सर्वांत उंच शिडी सहाव्या मजल्यापर्यंतच पोंचत होती. मुली खिडक्यांच्या कडेवर उभ्या राहिल्या होत्या. खालीं जाळीं धरलीं, परंतु इतक्या उंचीवरून पडणाऱ्या देहांनीं तीं फाटून गेलीं.

पर्किन्सबाई पोंचल्या तेव्हां मुली उड्या टाकीत होत्या. याहून अधिक वर्णन आम्ही करीत नाहीं. हें वार्षिक लहान मुलेंही वाचतात.

अर्ध्या तासांत सर्व आटोपलें. १४६ माणसें मेलीं. त्यांत १२३ बायका व मुली, २३ पुरुष. सहा प्रेतांची ओळख पटली नाहीं. त्यांचीं नांवें शंभर वर्षांनीं, १९११ चे २०११ झाल्यावर, एका संशोधकाच्या परिश्रमानें कळलीं. इमारत मात्र जागच्या जागीं उभी राहिली. ती आगीपासून सुरक्षित अशी बांधलेली होती, व त्या बाबतींत बांधणाऱ्यांनीं खोटें सांगितलें नव्हतें. दगडलोखंडास कांहीं झालें नाहीं.

येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे. आगीच्या आदल्या वर्षाच्या आदल्या वर्षीं, म्हणजे १९०९ मध्यें, न्यूयॉर्कांतील झंपर शिवणाऱ्या सुमारें २०,००० कामकरणींनीं संप केला होता, आणि त्यांत याच ट्रँगल कारखान्याच्या मुली पुढें होत्या. पुष्कळ कारखानदारांनीं तडजोड केली, पण ट्रँगलच्या मालकांनीं युनियन मान्य केली नाहीं. मुली आपलें गाऱ्हाणें सांगत होत्या तेव्हां पोलिसांनीं त्यांस पकडलें. त्याच पोलिसांस आतां रस्त्यावर त्यांचीं प्रेतें ओळीनें मांडावीं लागलीं.

मालकांवर खटला झाला. दाराला कुलूप होतें हें साक्षीदारांनीं सांगितलें. पण त्या क्षणीं कुलूप आहे हें मालकांस ठाऊक होतें कीं नाहीं, यावर वाद माजला, आणि डिसेंबर १९११ मध्यें ते निर्दोष सुटले. पुढें १९१३ सालीं त्यांपैकीं एकानें दुसऱ्या कारखान्यांत काम चालू असतां पुनः दारास कुलूप घातलें. त्याबद्दल त्यास दंड झाला वीस डॉलर. हें वाचून आमच्या विद्यार्थ्यांस राग येईल, यावा. पण रागानें कुलूप निघत नाहीं, हें पर्किन्सबाईंनीं ओळखलें होतें.

आगीनंतर आठ दिवसांनीं मेट्रोपोलिटन ऑपेरा हाऊसमध्यें मोठी सभा भरली. श्रीमंत व मजूर दोघेही जमले. सभेनंतर एक सुरक्षितता समिति स्थापन झाली, व माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या शिफारशीनें पर्किन्सबाई तिच्या चिटणीस झाल्या. जून १९११ मध्यें न्यूयॉर्क संस्थानच्या कायदेमंडळानें कारखान्यांच्या चौकशीसाठीं एक कमिशन नेमलें. रॉबर्ट वॅग्नर हे त्याचे अध्यक्ष व आल्फ्रेड स्मिथ हे उपाध्यक्ष. दोघेही गरिबींतून वर आलेले, दोघेही मतांचा हिशेब जाणणारे मुत्सद्दी. परंतु कारखान्याच्या आंत काय चालतें याची त्यांस पुरी कल्पना नव्हती. ती कल्पना करून देण्याचें काम पर्किन्सबाईंनीं पत्करलें.

त्यांची पद्धति अशी कीं, कागदावर सांगण्याऐवजीं माणसास नेऊन उभें करावयाचें. पूर्वसूचना न देतां कमिशनची मंडळी कारखान्यांत जात. ऑबर्न गांवीं दोराच्या कारखान्यांत रात्रभर काम करून पहांटे बाहेर पडणाऱ्या बायका त्यांनीं स्मिथसाहेबांस दाखविल्या. फळें व भाज्या डब्यांत भरण्याच्या कारखान्यांत अगदीं लहान मुलें कामास बसलेलीं दाखविलीं. एका ठिकाणीं भिंतीस एक लहान भोंक होतें व आगीच्या वेळीं बाहेर पडण्याची वाट म्हणून तें दाखविलें जात होतें. पर्किन्सबाईंनीं वॅग्नरसाहेबांस त्या भोंकांतून रांगत बाहेर जावयास लावलें. बाहेर बर्फानें गोठलेली लोखंडी शिडी होती, आणि ती जमिनीपासून बारा फूट वरच संपत होती. अशा वाटेनें एकदां रांगलेला सभासद मत देतांना तें विसरत नाहीं.

आणि मोजमाप! येथें कॉलेजांतील पदार्थविज्ञान उपयोगीं पडलें असेल असें आम्हांस वाटतें. जिन्याची रुंदी किती, त्यावरून एका मिनिटांत किती माणसें उतरतील, मजल्यावर माणसें किती, ज्वाळा पसरावयास वेळ किती, असे प्रश्न त्या इंजिनियरांप्रमाणें विचारूं लागल्या. ॲश बिल्डिंगमधील दारें आंतल्या बाजूस उघडणारीं होतीं. भ्यालेल्या माणसांचा लोंढा दारावर आदळला म्हणजे आंत उघडणारें दार त्यांच्याच भारानें बंद होऊन बसतें. कुलूप नसलें तरी तें उघडत नाहीं. आठव्या मजल्यावर प्रथम तसेंच झालें होतें. दारें बाहेर उघडावींत असें जुन्या कायद्यांतही होतें, परंतु शक्य असेल तेथें, अशी त्यास पुस्ती होती. जिन्यापुढची जागा अरुंद, म्हणून तें शक्य ठरलें नाहीं. एवढ्याशा पुस्तीनें किती माणसें मारावीं! आमच्या व्याकरणाच्या तासास कंटाळणाऱ्या विद्यार्थ्यांनीं हें लक्षांत ठेवावें.

त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत न्यूयॉर्क शहरासाठीं आग टाळण्याचें स्वतंत्र खातें निघालें. कमिशनचें काम १९१५ पर्यंत चाललें, आणि त्याच्या शिफारशींवरून तीसांहून अधिक कायदे झाले. काम चालू असतां दारांस कुलूप घालूं नये. दारें बाहेर उघडावींत. पंचवीसांहून अधिक माणसें वरच्या मजल्यावर काम करीत असतील तेथें आगीची कवायत घ्यावी. सातव्या मजल्याच्या वर दोनशेंहून अधिक माणसें असतील तेथें छतास पाण्याच्या अशा नळ्या बसवाव्या कीं उष्णता लागतांच त्यांतून आपोआप पाणी शिंपडलें जाईल. चिंध्या न जळणाऱ्या भांड्यांत ठेवाव्या व रोज काढून टाकाव्या. कारखान्यांत विडी ओढूं नये. मजल्यावर माणसें किती असावींत तें जिन्यांवरून ठरवावें. हीं कलमें वाचतांना ट्रँगलच्या नवव्या मजल्यावरून आपण फिरत आहों असें वाटतें. त्या दिवसाची एकेक चूक एकेका कलमांत बसली आहे. इतर संस्थानांनींही पुढें असे कायदे केले. आमच्या देशांत १९४८ सालीं झालेल्या कारखान्यांच्या कायद्यांतही, आंत माणसें असतां दार ताबडतोब उघडतां येणार नाहीं असें बंद करूं नये, व दारें बाहेरच्या बाजूस उघडावींत, असें कलम घातलेलें होतें. आमच्या वाचकांपैकीं ज्यांचे वडील गिरणींत किंवा कारखान्यांत आहेत त्यांनीं हें घरीं जरूर विचारून पाहावें.

पर्किन्सबाईंच्या स्वभावाचा दुसरा एक पैलू या दिवसांत दिसला. बायकांच्या कामाचे तास आठवड्यास ५४ हून अधिक नसावेत, असें बिल त्या कायदेमंडळापुढें नेत होत्या. १९१२ च्या मार्चांत विरोधकांनीं एक युक्ति केली. डबे भरण्याचे कारखाने वगळून बिल पुढें ढकललें. लीगनें तर कोणासही वगळूं नये असा हट्ट धरला होता. तेव्हां पर्किन्सबाई हें बिल नाकारतील व सर्वच बारगळेल, असा विरोधकांचा कयास. पर्किन्सबाईंनीं क्षणभर विचार केला आणि जें मिळतें तें घेतलें. परंतु दोन मतें कमी पडत होतीं. बिग टिम सलिव्हन हे त्या वेळचे राजकारणी पुढारी, त्यांची कीर्ति कांहीं फार निर्मळ नव्हे, न्यूयॉर्कच्या बोटीवर चढावयास गेले होते. त्यांस निरोप धाडून परत बोलाविलें. ते व त्यांचे भाऊबंद धांवत आले व बिल पास झालें. आपण तत्त्व सोडलें म्हणून केलीबाई रागावतील अशी धास्ती पर्किन्सबाईंस होती. पण केलीबाईंस आनंदच झाला. येथें मतभेदास जागा आहे. वगळलेल्या बायकांस त्या दिवशीं काय वाटलें असेल, हाही प्रश्न आमच्या मनांतून जात नाहीं.

त्यांच्या पोशाखाबद्दलही एक मौज सांगण्याजोगी आहे. पुरुष सभासद बायकांचें ऐकत नाहींत, पण एखादी बाई पाहून त्यांस आपल्या आईची आठवण झाली तर ऐकतात, असें त्यांच्या अनुभवास आलें. तेव्हांपासून त्यांनीं तरुणपणींच काळा साधा झगा व तीनकोनी टोपी असा प्रौढ वेष धारण केला. पुरुषांच्या मनाविषयींचे आपले अनुभव त्या टिपून एका तांबड्या पाकिटांत ठेवीत असत, असेंही सांगतात.

१९१३ सालीं पॉल विल्सन या अर्थशास्त्रज्ञ गृहस्थांशीं त्यांचा विवाह झाला. लग्नानंतरही त्यांनीं आपलें नांव बदललें नाहीं. १९१६ सालीं मुलगी झाली. दुर्दैवानें कांहीं वर्षांतच पतीस मानसिक आजार जडला व तो जन्मभर राहिला. घर चालविण्याचा भार पर्किन्सबाईंवर पडला. हें दुःख त्यांनीं कधीं लोकांपुढें मांडलें नाहीं, आणि वर्तमानपत्रवाल्यांस त्या तुसड्या वाटल्या याचें हेंच एक कारण असावें.

१९१९ सालीं आल्फ्रेड स्मिथ गव्हर्नर झाले, आणि त्यांनीं पर्किन्सबाईंस संस्थानच्या औद्योगिक कमिशनवर नेमलें. १९२९ सालीं पुढचे गव्हर्नर फ्रँकलिन रूझवेल्ट यांनीं त्यांस त्या खात्याच्या मुख्य केलें. रूझवेल्ट १९३३ सालीं अमेरिकेचे अध्यक्ष झाले, तेव्हां त्यांनीं पर्किन्सबाईंस मजूरमंत्री होण्याविषयीं विचारलें. अमेरिकेच्या मंत्रिमंडळांत तोंवर एकही स्त्री बसली नव्हती. दुसरें कोणी असतें तर हर्षानें होकार देतें. पर्किन्सबाईंनीं एक यादी पुढें ठेवली: वृद्धांस पेन्शन, बेकारांस विमा, किमान मजुरी, कामाच्या तासांवर मर्यादा, मुलांच्या मजुरीस बंदी. या कामांस पाठिंबा असेल तरच आपण येऊं, असें त्यांनीं सांगितलें. रूझवेल्टांनीं कबूल केलें. बाई बारा वर्षें, १९४५ पर्यंत, त्या जागेवर होत्या.

यादींतलें पुष्कळ झालें. ता. १४ ऑगस्ट १९३५ रोजीं सामाजिक सुरक्षिततेच्या कायद्यावर सही झाली. १९३८ च्या कायद्यानें ताशीं २५ सेंट ही किमान मजुरी ठरली व सोळा वर्षांखालील मुलांस बहुतेक धंद्यांत कामास घेण्याची मनाई झाली. १९३४ सालीं त्यांनीं आपल्या खात्यांत एक शाखा काढून कारखान्यांतील सुरक्षिततेच्या कामीं संस्थानांस मदत देण्याची सोय केली. सर्व देशास लागू होणारा सुरक्षिततेचा मोठा कायदा मात्र त्यांच्या मृत्यूनंतर, १९७० सालीं झाला. त्यांच्या कामांत उणीवही राहिली. १९३५ च्या कायद्यांतून शेतमजूर व घरकाम करणारीं माणसें वगळलीं गेलीं. निग्रो मजुरांपैकीं फार मोठा भाग याच कामांत होता. ज्यांस छत्राची गरज अधिक त्यांसच बाहेर उभें राहावें लागलें, हें लिहिल्यावांचून पुढें जाणें आम्हांस बरें वाटत नाहीं.

शत्रूही पुष्कळ झाले. एका परदेशी मजूर पुढाऱ्यास पुरावा नसतां हद्दपार करण्यास त्या तयार होईनात, म्हणून १९३९ सालीं त्यांच्यावरच दोषारोपाचा ठराव काँग्रेसपुढें आला. तो पुढें गळून पडला, पण त्यापायीं त्यांस फार मनस्ताप झाला. त्या दिवसांत, व एरवींही, त्या महिन्यांतून एकदां मेरिलंडमधील कॅटन्सव्हिल येथील एका कॉन्व्हेंटांत जाऊन राहत. तेथें दिवसाचा बराच वेळ मौन असे. एपिस्कोपल मंडळींत त्या १९०५ सालीं सामील झाल्या होत्या, व अखेरपर्यंत त्यांची भक्ति ढळली नाहीं. परंतु सभेंत त्या तिचा गवगवा करीत नसत.

मंत्रिपद सोडल्यावर त्यांनीं रूझवेल्टांविषयीं एक पुस्तक लिहिलें, तें १९४६ सालीं प्रसिद्ध झालें. १९५३ पर्यंत त्या सरकारी नोकरभरतीच्या कमिशनवर होत्या. पती १९५२ सालीं वारले. मग वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षीं, ज्या वयांत बहुतेकांस विश्रांति हवी असते, त्या कॉर्नेल विद्यापीठांत शिकवूं लागल्या, व पुढें तेथील विद्यार्थ्यांच्या एका वसतिगृहांतच राहूं लागल्या. म्हणजे आरंभीं शिक्षिका, शेवटींही शिक्षिका.

अध्यक्ष रूझवेल्टांच्या राजवटींत मजुरांसाठीं जें झालें त्याचा आरंभ ट्रँगलच्या आगीच्या दिवशींच झाला, असें त्या नेहमीं म्हणत. ता. २५ मार्च १९६१ रोजीं त्या आगीस पन्नास वर्षें झालीं. तोही शनिवारच होता. वॉशिंग्टन चौकाजवळ त्याच इमारतीपुढें लोक जमले. आगींतून वांचलेल्या कांहीं बाया, आतां म्हाताऱ्या झालेल्या, तेथें आल्या होत्या. एलिनोर रूझवेल्टबाई आल्या होत्या. एक्यायशीं वर्षांच्या उंबरठ्यावर आलेल्या पर्किन्सबाईही आल्या होत्या. इमारत विद्यापीठाकडे गेली होती, व ज्या मजल्यांवर शिवणयंत्रें होतीं तेथें विद्यार्थी ये-जा करीत होते.

ता. १४ मे १९६५ रोजीं न्यूयॉर्क येथें त्यांचें देहावसान झालें. मेन संस्थानांत न्यूकॅसल म्हणून लहानसें गांव आहे. तेथें त्यांच्या वाडवडिलांचें शेतघर होतें, व लहानपणीं उन्हाळ्यांत त्या आजीकडे तेथें जात असत. त्याच गांवच्या स्मशानांत पतीच्या शेजारीं त्यांस मूठमाती देण्यांत आली.